कोरी जागा आणि शून्य : हजेरीच्या आलेखासाठी स्वरचित फंक्शन व त्याकरिता साहाय्य मागण्याची रीत

भुसावळजवळील दीपनगर हे नाव उच्चारताच जळगाव जिल्ह्यातील शिक्षकांच्या डोळ्यांपुढे औष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी उभी राहतात. पूर्वीच्या राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाले, तेव्हापासून हे केंद्र महानिर्मिती कंपनीच्या व्यवस्थेखाली आहे. तेथील क्रमांक ४ व ५ हे संच प्रत्येकी ५०० मेगावॅट क्षमतेचे आहेत. आपल्या देशातील वीजव्यवहारात दिवसाचे २४ तास १५ मिनिटांच्या ९६ भागांत विभागलेले असतात, आणि प्रत्येक भागात किती वीज निर्माण झाली याचा हिशेब ठेवावा लागतो. एवढे आकडे नुसत्या नजरेने वाचून त्यांतून अर्थ काढणे कठीण. म्हणून अशा ठिकाणी आकड्यांबरोबर आलेखही ठेवला जातो.

प्राथमिक शाळेतील हजेरीपट हा याच जातीचा दस्तऐवज होय. ४० मुलांच्या एका वर्गाचे, वर्षाचे २०० दिवस धरले, तरी ८,००० नोंदी होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान कामाचे दिवस २०० च ठरविले आहेत. अलीकडे बहुतेक शाळांत संगणक किंवा निदान शिक्षकाच्या हाती मोबाइल आहे, आणि हजेरीची गोषवारा-माहिती स्प्रेडशीटमध्ये भरून तिचा आलेख काढण्याची पद्धत रूढ होत आहे. मात्र हे काम करताना अनेकांना एक अडचण येते. स्प्रेडशीटमध्ये तयार असलेली सूत्रे शाळेच्या गरजेस पुरी पडत नाहीत, स्वतःचे सूत्र रचावे लागते, आणि ते रचण्यासाठी कोणा जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागते. हे साहाय्य कसे मागावे, मिळालेले सूत्र कसे पारखावे, आणि आलेखात कोणती चूक हमखास शिरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. स्प्रेडशीट, फंक्शन व आलेख

हिशेबनीस मंडळी रुंद कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून जमाखर्च मांडीत. त्याच कागदाचे संगणकावरील रूप म्हणजे स्प्रेडशीट. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला व्हिजिकॅल्क हा कार्यक्रम १९७९ साली बाजारात आला, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली. आज मायक्रोसॉफ्ट एक्सेल, गुगल शीट्स आणि विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क हे तीन कार्यक्रम शाळांतून विशेष वापरात दिसतात. आलेखाची परंपरा तर त्याहून पुष्कळ जुनी. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून आकडे डोळ्यांनी पाहण्याची ही रीत जगभर पसरली.

स्प्रेडशीटमधील प्रत्येक चौकटीस सेल म्हणतात. सेलमध्ये आकडा, मजकूर किंवा सूत्र लिहिता येते. बेरीज, सरासरी, सर्वांत मोठा आकडा यांसाठी कार्यक्रमात तयार फंक्शने असतात. फंक्शन म्हणजे पिठाच्या गिरणीसारखी योजना. वरून धान्य घातले की खालून पीठ येते. आत काय चालते हे दरवेळी पाहावे लागत नाही, पण गहू घातला की ज्वारी घातली, हे मात्र घालणाऱ्याने पाहिले पाहिजे. तयार फंक्शनांनी काम भागत नसेल, तर वापरणाराने स्वतःच्या नियमांनुसार नवे फंक्शन रचता येते. त्यास या लेखात स्वरचित फंक्शन असे म्हटले आहे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानी घ्यावी. सेलमध्ये लिहिलेले स्वरचित फंक्शन फक्त उत्तर देते. ते दुसऱ्या सेलमधील मजकूर बदलीत नाही, स्तंभास रंग देत नाही, आलेखाचे शीर्षक बदलीत नाही. आलेख हा सेलमधील आकड्यांवरून काढला जातो. यास्तव कामाचा क्रम असा ठेवावा : पहिल्या रकान्यांत मूळ नोंदी, त्यांशेजारच्या रकान्यात स्वरचित फंक्शनाचे उत्तर, आणि त्या उत्तरांच्या रकान्यावरून आलेख. “७५ टक्क्यांखालचे स्तंभ तांबडे करणारे फंक्शन हवे” अशी मागणी पुष्कळदा होते, पण तिचा खरा उपाय वेगळा आहे. उत्तरांचे दोन रकाने करावेत. एकात ७५ पेक्षा कमी असलेलेच आकडे यावेत, दुसऱ्यात ७५ किंवा त्याहून अधिक असलेले. आलेखात हे दोन रकाने दोन मालिका म्हणून घ्यावेत व प्रत्येकीस निराळा रंग द्यावा. रंगाचे काम आलेखाचे, निवडीचे काम फंक्शनाचे.

२. वीज केंद्राचा भारांक व शाळेची उपस्थिती

दीपनगरच्या उदाहरणावरून मूळ विषय चांगला उलगडतो. एखादा संच आपल्या क्षमतेच्या मानाने किती चालला, हे सांगणाऱ्या अंकास भारांक म्हणतात. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालला तर १२,००० मेगावॅट-तास, म्हणजे १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण होईल. समजा, एखाद्या दिवशी ९० लाख युनिट निर्माण झाली, तर त्या दिवसाचा भारांक ७५ टक्के झाला. शाळेच्या उपस्थितीचे सूत्रही हुबेहूब असेच आहे. पट ही क्षमता, उपस्थिती ही निर्मिती.

आता समजा, संच दुरुस्तीसाठी एक दिवस बंद राहिला. त्या दिवसाची निर्मिती शून्य. हे शून्य खरे आहे व ते आलेखात दिसलेच पाहिजे. परंतु संच चालू असून त्या दिवसाच्या नोंदीचा कागदच हाती आला नाही, तर ती जागा कोरी राहील. ही कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. संच चालला होता, किती चालला ते कागदावर नाही, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या दिवशी वीज नव्हती, दुसऱ्या दिवशी माहिती नव्हती. या दोहोंची गल्लत करणारा आलेख चालत्या संचास बंद ठरवील.

हीच गोष्ट शाळेत कशी घडते ते पाहावे. ४० पट असलेल्या वर्गाची सोमवार ते शनिवार अशी सहा दिवसांची उपस्थिती पुढीलप्रमाणे आहे असे समजू : ३६, ३४, बुधवारी कोरी जागा, नंतर ३८, ३५ व ३७. बुधवारी पोळ्याची सुटी होती. पाच दिवसांची एकूण उपस्थिती १८० व अपेक्षित उपस्थिती २००, म्हणून त्या आठवड्याची उपस्थिती ९० टक्के. पण बुधवारची कोरी जागा शून्य धरली गेली, तर भागाकार १८० भागिले २४० असा होऊन उत्तर ७५ टक्के येते. आलेखाची रेषा मध्येच तळाला टेकते. सुटीच्या दिवशी घरी बैल सजवीत असलेली चाळीस मुले तक्त्यावर गैरहजर ठरतात.

याउलट, बुधवारी सुटी नसून पहाटेच्या पावसाने नाल्यास पूर आला, शाळा उघडली, शिक्षक हजर झाले, परंतु एकही मूल येऊ शकले नाही, असे झाले असेल, तर शून्य हीच खरी नोंद होय आणि ७५ टक्के हेच खरे उत्तर होय. आकडे तेच, वर्ग तोच, तरी सत्य दोन. कोणते खरे हे संगणक सांगू शकत नाही, साहाय्य करणारा जाणकारही सांगू शकत नाही. ते शाळेलाच ठाऊक असते. सबब स्वरचित फंक्शन मागण्यापूर्वी कोऱ्या जागेचा अर्थ ठरविणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे.

३. फंक्शनाचे नियम प्रथम मराठीत लिहावेत

सूत्राची भाषा येत नसली तरी नियम स्वभाषेत लिहिता येतात, आणि निम्मे काम तेथेच होते. हजेरीच्या फंक्शनास तीन गोष्टी पुरवाव्यात : त्या दिवसाची उपस्थिती, त्या दिवसाचा पट, आणि दिवसाची स्थिती. स्थितीच्या रकान्यात “चालू” अथवा “सुटी” यांपैकी एकच शब्द लिहावा. नियम पुढील क्रमाने मांडावेत.

पहिला नियम : स्थिती “सुटी” असेल, तर उत्तर “उपलब्ध नाही”.
दुसरा नियम : स्थिती “चालू” असून उपस्थितीची जागा कोरी असेल, तरीही उत्तर “उपलब्ध नाही”.
तिसरा नियम : पट कोरा किंवा शून्य असेल, तर उत्तर “उपलब्ध नाही”, कारण शून्याने भागता येत नाही.
चौथा नियम : उपस्थिती पटापेक्षा जास्त असेल, तर नोंद चुकली आहे, म्हणून उत्तर “उपलब्ध नाही”.
पाचवा नियम : एरवी उपस्थितीला पटाने भागून १०० ने गुणावे.

यात क्रमाला महत्त्व आहे. संगणकाच्या अनेक भाषांत कोरी जागा आणि शून्य यांची सरळ तुलना केली, तर दोन्ही समान आहेत असे उत्तर मिळते. एक्सेलमध्ये कोरा सेल शून्याबरोबर आहे काय असे विचारले असता “होय” असेच उत्तर येते. म्हणून जागा कोरी आहे काय, ही तपासणी आकड्याच्या तपासणीपूर्वी आणि तिच्यापासून वेगळी करावी लागते.

आता “उपलब्ध नाही” हे संगणकास कसे सांगावे, हा प्रश्न येतो. येथेच आलेखाची नेहमीची चूक घडते. पुष्कळ जण अशा ठिकाणी सेल रिकामा दिसावा म्हणून फंक्शनाकडून रिकामा मजकूर परत करवितात. सेल डोळ्यांना कोरा दिसतो, परंतु एक्सेलच्या दृष्टीने तो कोरा नसून मजकूर असलेला सेल असतो, आणि रेषालेखात मजकुराची किंमत शून्य धरली जाते. तक्त्यात काही दिसत नाही आणि आलेखात मात्र रेषा तळाला जाते, याचे कारण हेच. यावरचा उपाय म्हणजे “एनए” हे खास उत्तर परत करणे. एक्सेलमध्ये त्यासाठी याच नावाचे तयार फंक्शन आहे. “एनए” असलेला बिंदू रेषालेखात काढला जात नाही. मागील व पुढील बिंदू सरळ जोडले जातात किंवा, नव्या आवृत्त्यांत तशी निवड केल्यास, तेथे रेषा तुटलेली दिसते. शाळेच्या कामास तुटलेली रेषाच अधिक प्रामाणिक, कारण जेथे माहिती नाही तेथे माहिती नाही असेच ती सांगते.

सुटी, राहून गेलेली नोंद व चुकीची नोंद या तिन्ही स्थितींत आकड्याच्या रकान्यात “एनए” येत असल्याने त्यांतील भेद दाखविण्यासाठी शेजारी “शेरा” असा स्वतंत्र रकाना ठेवावा. आकड्याच्या रकान्यात आकडा किंवा “एनए” याखेरीज काहीही येऊ देऊ नये. तसेच आलेखाखाली “नोंद नसलेले दिवस : १” अशी ओळ आवर्जून लिहावी.

महिन्याची उपस्थिती काढताना आणखी एक सावधगिरी हवी. “एनए” असलेल्या रकान्याची सरासरी घेऊ लागल्यास उत्तरही “एनए” येते. शिवाय टक्क्यांची सरासरी ही मुळातच फसवी असते. पहिलीच्या वर्गात २० पैकी १० मुले, म्हणजे ५० टक्के, आणि दुसरीच्या वर्गात ४० पैकी ३६ मुले, म्हणजे ९० टक्के हजर असतील, तर दोन टक्क्यांची सरासरी ७० येते. परंतु प्रत्यक्षात ६० पैकी ४६ मुले, म्हणजे जवळजवळ ७६.७ टक्के हजर आहेत. म्हणून बेरीज मूळ उपस्थितीच्या रकान्यावरून करावी, आणि ज्या दिवसांची नोंद आहे तेवढ्याच दिवसांच्या पटाच्या बेरजेने तीस भागावे.

४. कोणत्या कार्यक्रमात कोणती सोय

स्वरचित फंक्शन रचण्याची सोय तिन्ही कार्यक्रमांत आहे, पण रीत एकच नाही. एक्सेलमध्ये व्हीबीए ही भाषा १९९३ पासून आहे. तीत लिहिलेले फंक्शन ठेवण्यासाठी फाइल मॅक्रो-सक्षम या प्रकारात जतन करावी लागते. अशी फाइल इंटरनेटवरून उतरवून घेतली असता, २०२२ पासूनच्या सुरक्षाधोरणानुसार तिच्यातील मॅक्रो सहसा आपोआप रोखले जातात. मोबाइलवरील एक्सेलमध्ये तर व्हीबीए चालतच नाही. दुसरी रीत लॅम्डा या फंक्शनाची. ती मायक्रोसॉफ्टने २०२० च्या डिसेंबरात जाहीर केली. तीत भाषा शिकावी लागत नाही. नेहमीचे सूत्र लिहून त्यास नाव देता येते, आणि मॅक्रोची आवश्यकता राहत नाही. मात्र एक्सेल २०१६ किंवा २०१९ यांसारख्या जुन्या आवृत्त्यांत ती चालत नाही.

गुगल शीट्समध्ये अॅप्स स्क्रिप्ट या सोयीने जावास्क्रिप्ट भाषेत फंक्शन लिहिता येते, आणि २०२२ पासून नाव दिलेली फंक्शने सूत्रांतूनही करता येतात. अॅप्स स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या फंक्शनाने ३० सेकंदांत उत्तर दिले पाहिजे असे बंधन आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये बेसिक भाषेत फंक्शन लिहितात. तेथे ते “माझे मॅक्रो” या विभागात न ठेवता त्या दस्तऐवजातच ठेवावे, नाहीतर फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की फंक्शन मागेच राहते.

एका कार्यक्रमातील स्वरचित फंक्शन दुसऱ्या कार्यक्रमात चालेल असे गृहीत धरू नये. शाळेत रचलेली फाइल तालुक्याच्या संगणकावर उघडताच सेलमध्ये “नेम” अशी त्रुटी दिसू लागते. तिचा अर्थ, या नावाचे फंक्शन येथे ओळखीचे नाही. यावरचा साधा उपाय असा की, वर पाठवावयाच्या प्रतीत फंक्शनाची उत्तरे निव्वळ आकडे म्हणून चिकटवावीत, आणि सूत्रांसह मूळ फाइल शाळेत जपून ठेवावी.

आणखी एक अडचण वारंवार येते. मूळ नोंद बदलली तरी फंक्शनाचे उत्तर बदलत नाही. याचे कारण बहुधा हे असते की, फंक्शन आवश्यक आकडा कंसातून न घेता आतून दुसऱ्या पानावरून परस्पर वाचते. संगणक केवळ कंसात दिलेल्या गोष्टींवर नजर ठेवतो व त्या बदलल्या तरच पुन्हा हिशेब करतो. यास्तव फंक्शनाला लागणारी प्रत्येक गोष्ट कंसातूनच पुरवावी.

५. साहाय्य कसे मागावे

साहाय्य करणारे अनेक असतात. केंद्रातील एखादे संगणक जाणणारे शिक्षक, जवळच्या माध्यमिक शाळेतील संगणक शिक्षक, दीपनगरच्या वसाहतीत राहणारा व रोज आकड्यांत वावरणारा एखादा ओळखीचा अभियंता, किंवा संगणकावरील बुद्धिमान संवादसहायक. यांपैकी कोणाकडेही जावे, प्रश्न नीट मांडला नाही तर उत्तर नीट मिळत नाही. “माझा आलेख चुकतो आहे, फंक्शन करून द्यावे” एवढ्यावर कोणासही काही सांगता येत नाही. डॉक्टरांकडे जाऊन नुसते “बरे वाटत नाही” म्हणण्यासारखे ते आहे.

चांगल्या प्रश्नात पाच गोष्टी असाव्यात. पहिली, कार्यक्रमाचे नाव व आवृत्ती, आणि फाइल संगणकावर उघडावयाची आहे की मोबाइलवर. दुसरी, पाचसहा ओळींचा लहान नमुना, ज्यात अडचणीची ओळ असलीच पाहिजे. तिसरी, त्या नमुन्यावरून अपेक्षित असलेले, हाताने काढलेले उत्तर. चौथी, प्रत्यक्षात मिळणारे उत्तर किंवा त्रुटीचे नेमके शब्द. पाचवी, कोऱ्या जागेचा अर्थ. नमुनादाखल पुढील पत्र पाहावे.

“स. न. वि. वि. शाळेत एक्सेल २०१९ आहे. रकाना ‘बी’ मध्ये उपस्थिती, ‘सी’ मध्ये पट व ‘डी’ मध्ये दिवसाची स्थिती आहे. सहा दिवसांची उपस्थिती ३६, ३४, कोरी, ३८, ३५, ३७ व पट रोज ४० आहे. तिसऱ्या दिवशी सुटी होती. रकाना ‘ई’ मध्ये ९०, ८५, उपलब्ध नाही, ९५, ८७.५, ९२.५ अशी उत्तरे हवी आहेत. सध्याच्या सूत्राने तिसऱ्या दिवशी सेल कोरा दिसतो, पण रेषालेख तेथे शून्यावर येतो. शाळा चालू असताना कोणीच आले नाही, तर मात्र शून्य दिसले पाहिजे. मॅक्रोशिवाय उपाय असल्यास तो आधी सांगावा. कळावे.”

अशा पत्रास जाणकाराचे उत्तर मिळण्यास वेळ लागत नाही. या उदाहरणात तर स्वरचित फंक्शनाचीही गरज नाही, तयार असलेल्या “इफ” व “एनए” या दोन फंक्शनांनी काम होते, असेही तो सांगू शकेल. प्रश्न नीट मांडल्याचा हा मोठा लाभ. पुष्कळदा पत्र लिहिता लिहिताच शिक्षकास स्वतःची चूक सापडते.

साहाय्य मागताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. नमुन्यात मुलांची खरी नावे, आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक कदापि देऊ नयेत. फंक्शनाला नावाशी कर्तव्य नसते. “विद्यार्थी १, विद्यार्थी २” असे लिहून भागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असून त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. पण कायद्याचे असो वा नसो, गावाने विश्वासाने शाळेकडे सोपविलेली ती ठेव आहे.

६. मिळालेल्या फंक्शनाचा ताळा

गणिताच्या तासास शिक्षक मुलांना ताळा पाहण्यास शिकवितात. मिळालेल्या फंक्शनासही तोच नियम लावावा. जाणकार मनुष्याने दिले म्हणून किंवा संवादसहायकाने मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले म्हणून ते बरोबर असते असे नाही. एका वेगळ्या पानावर पुढील पाच ओळी लिहून ठेवाव्यात व फंक्शन प्रथम त्यांवर चालवावे.

उपस्थिती ३६, पट ४०, चालू : उत्तर ९० यावे.
उपस्थिती ०, पट ४०, चालू : उत्तर ० यावे.
उपस्थिती कोरी, पट ४०, चालू : उत्तर “एनए” यावे.
उपस्थिती कोरी, पट ४०, सुटी : उत्तर “एनए” यावे.
उपस्थिती ४१, पट ४०, चालू : उत्तर “एनए” यावे.

पाचही उत्तरे जुळली तरच फंक्शन हजेरीच्या तक्त्यास जोडावे. दुसरी व तिसरी ओळ यांची उत्तरे सारखी आली, तर फंक्शन शून्य आणि कोरी जागा यांत भेद करीत नाही हे तत्काळ कळते. नंतर आलेख काढून हीच पाच मूल्ये त्यात कशी दिसतात तेही पाहावे, कारण फंक्शन बरोबर असूनही आलेखाच्या निवडीत चूक राहू शकते. रिकाम्या सेलसाठी “खंड”, “शून्य” व “रेषेने जोडणे” असे पर्याय एक्सेलच्या आलेखात असतात, त्यांतील “शून्य” हा पर्याय निवडलेला नसावा.

आलेखाच्या उभ्या अक्षाकडेही लक्ष द्यावे. संगणक कधी कधी अक्ष ८० पासून सुरू करतो, त्यामुळे ९० व ८५ यांतील लहानसा फरक दुपटीएवढा भासतो. स्तंभालेखात अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा. पट लहान असेल तर टक्केवारी स्वभावतःच उड्या घेते. ८ मुलांच्या शाळेत एक मूल न आल्यास उपस्थिती १२.५ टक्क्यांनी घसरते, ४० मुलांच्या वर्गात तेच मूल अडीच टक्क्यांचा फरक पाडते. म्हणून लहान शाळेने टक्क्यांबरोबर मुलांची संख्याही आलेखात लिहावी.

शेवटी, फाइलमध्ये “वाचावे” अशा नावाचे एक पान ठेवून त्यावर फंक्शनाचे नाव, त्याचे पाच नियम, ताळ्याच्या ओळी आणि ते रचल्याची तारीख साध्या मराठीत लिहावी. शिक्षकाची बदली होते, शाळा तेथेच राहते. नव्याने येणाऱ्या शिक्षकास जुन्या फाइलचा अर्थ लागला नाही, तर तो ती टाकून देतो आणि वर्षांची माहिती वाया जाते.

७. हे सर्व कशासाठी

एका टक्क्याच्या चुकीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर खानदेशातील शाळांच्या अनुभवातच आहे. कापसाच्या वेचणीचे दिवस आले की काही मुले आईबापांबरोबर शेतात जातात. ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात, तेव्हा काही मुले गावातूनच दिसेनाशी होतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहासारख्या योजना आहेत, पण त्यांचा लाभ मिळण्यासाठी मूल जाण्याची चाहूल वेळेवर लागली पाहिजे. हजेरीच्या आलेखातील घसरण ही ती चाहूल असते. परंतु प्रत्येक सुटीला, प्रत्येक राहून गेलेल्या नोंदीला आलेखाची रेषा तळाला जाऊ लागली, तर पाहणाऱ्याची दृष्टी त्या घसरणीस सरावते. खोट्या खड्ड्यांच्या गर्दीत खरा खड्डा दिसेनासा होतो. मग ज्या आठवड्यात चार मुले खरोखरच गेली, त्या आठवड्याकडेही कोणी लक्ष देत नाही.

वीज केंद्रातील आलेख चुकला तर संचाची बातमी चुकते. शाळेतील आलेख चुकला तर मुलांची बातमी चुकते. म्हणून साहाय्य अवश्य मागावे, फंक्शन जाणकाराकडून अवश्य रचून घ्यावे, पण कोरी जागा कोणती आणि शून्य कोणते, हे सांगण्याचे काम शिक्षकाने दुसऱ्या कोणावरही सोपवू नये. ज्या दिवशी आलेखाची रेषा खरोखर खाली आलेली दिसेल, त्या दिवशी शाळा सुटल्यावर कोणाच्या दारी जावयाचे, हे त्या शिक्षकासच ठाऊक असते.